व्यवसाय, वृत्तनिवेदन आणि मदतकार्य: ही वाट खरोखर अशीच जाते का?

प्रश्न: उसगावची वाचक

नमस्कार. एका निर्णयाबाबत मंचावरील जाणकारांचे मत हवे आहे. त्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे.

आमच्या घरचा व्यवसाय गोव्यातल्या उसगाव-तिस्क भागातला, खनिजवाहू टिप्पर ट्रकांच्या सुट्या भागांचा. २०१२ मध्ये खाणी पहिल्यांदा बंद पडल्या, नंतर काही अंशी सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चच्या मध्यापासून पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले आणि आमची उधारी वहीत राहिली. वडिलांनी हळूहळू पाण्याच्या टाक्या, पंप, ताडपत्री आणि बांधकाम साहित्य यांकडे धंदा वळवला. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यापासून खरेदी, साठा आणि वसुली मी पाहते. त्याच जोडीला एका स्थानिक वाहिनीवर संध्याकाळचे मराठी बातमीपत्र वाचते, आणि खरे सांगायचे तर आता मन दुकानापेक्षा तिकडेच अधिक रमते.

गेल्या काही महिन्यांत परदेशी वृत्तवाहिन्यांवरील निवेदकांचे बरेच परिचय वाचनात आले. त्यांतल्या अनेकांत एक ठरावीक क्रम दिसतो: आधी कंपनीतली किंवा बँकेतली नोकरी, मग वृत्तवाहिनी, मग दुष्काळ, युद्ध किंवा निर्वासितांच्या छावण्यांतले वार्तांकन, आणि शेवटी स्वतःची एखादी संस्था. माझ्याही मनात असेच काही आहे. माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा: ही वाट खरोखर अशी आखून चालता येते का, आणि गोव्यासारख्या लहान राज्यात राहून ती शक्य आहे का?

दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. जुलै २०२१ मध्ये म्हादई, रगाडा आणि खांडेपार नद्यांच्या पुराने सत्तरी, धारबांदोडा आणि फोंडा तालुक्यांतील शेकडो घरांचे नुकसान केले, पैकुळचा पूल वाहून गेला, आणि १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे मुख्यमंत्र्यांनी सांगितले, हे आपल्याला आठवत असेल. त्या दिवसांत आमच्या दुकानातून काही वाड्यांना टाक्या आणि ताडपत्र्या दिल्या गेल्या, आणि त्याच वाड्यांची बातमी संध्याकाळी मी वाचली. ते वाटप कॅमेऱ्यावर घ्यायला हवे होते, असे वाहिनीतील काही सहकाऱ्यांचे म्हणणे होते. ती बातमी मी वाचायलाच नको होती, असे इतरांचे. हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही, आणि दर पावसाळ्यात तो पुन्हा निघतो. अशा वेळी मी काय करावे?

उत्तर: निवृत्त वार्ताहर, पणजी

ताई, आधी त्या परिचयांविषयी. परिचय नेहमी शेवटाकडून लिहिला जातो, त्यामुळे त्यातले प्रत्येक वळण विचारपूर्वक घेतल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात बहुतेकांनी पहिली नोकरी सोडली ती कंटाळून, आणि दुसरी मिळाली ती योगायोगाने. बीबीसीच्या फियोना ब्रूस यांचे उदाहरण घ्या. ऑक्सफर्डमध्ये फ्रेंच आणि इटालियन शिकून त्या एका व्यवस्थापन सल्लागार कंपनीत गेल्या, ते काम त्यांना मानवले नाही, मग जाहिरात क्षेत्रात गेल्या, आणि १९८९ मध्ये ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमासाठी संशोधक म्हणून रुजू झाल्या. निवेदकाची खुर्ची त्यानंतर काही वर्षांनी आली. अमेरिकेत एरिन बर्नेट यांनी गोल्डमन सॅक्समध्ये विश्लेषक म्हणून सुरुवात केली, पण सीएनएनमध्ये त्यांचा प्रवेश झाला तो पडद्यामागे, अर्थविषयक कार्यक्रमासाठी लिहिणाऱ्या म्हणून. आपल्याकडे प्रणय रॉय सनदी लेखापाल आणि अर्थतज्ज्ञ होते. दूरदर्शनवर निवडणुकांचे निकाल समजावून सांगताना ते घराघरांत पोहोचले, कारण आकडे वाचण्याआधी ते त्यांना कळत होते. या तिघांत समान गोष्ट एकच दिसते: व्यवसायातून येताना त्यांनी सोबत एखादे कसब आणले. पहिल्या दोघींनी तर बातमीच्या कामात खालच्या पायरीवर उभे राहण्याची तयारीही ठेवली.

क्रम उलटाही असतो, आणि माझ्या मते तो अधिक बोलका आहे. ब्रिटनमधले निवेदक जॉन स्नो यांना १९७० मध्ये वर्णभेदविरोधी आंदोलनामुळे लिव्हरपूल विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. त्यानंतर त्यांनी लंडनमध्ये बेघर तरुणांसाठी चालवल्या जाणाऱ्या न्यू होरायझन केंद्राचा कारभार पाहिला, १९७३ मध्ये रेडिओवर आले, १९७६ मध्ये आयटीएन या दूरचित्रवाणी वृत्तसंस्थेत गेले, आणि १९८९ पासून २०२१ पर्यंत चॅनल फोरच्या बातम्यांचे मुख्य निवेदक राहिले. त्या केंद्राशी त्यांचे नाते पुढेही टिकले. म्हणजे सेवा ही कारकिर्दीच्या अखेरीस मिळणारी पायरी आहे, असे मानण्याचे कारण नाही.

मराठी मुलखातले उदाहरण हवे असेल तर शांतिलाल मुथ्था यांचे पाहावे. पुण्यातला बांधकाम व्यवसाय त्यांनी ऐन तिशीत सोडला, १९८५ मध्ये भारतीय जैन संघटना उभी केली, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. यात वृत्तवाहिनी कुठेच नाही. अंशू गुप्ता यांनी मात्र भारतीय जनसंचार संस्थेत शिक्षण घेतले होते. विद्यार्थी असताना १९९१ च्या उत्तरकाशीच्या भूकंपग्रस्त भागात ते गेले, पुढे कंपन्यांच्या जनसंपर्क विभागात नोकरी केली, ती सोडून १९९९ मध्ये वापरलेले कपडे गरजूंपर्यंत पोहोचवणारी ‘गूंज’ ही संस्था सुरू केली, आणि २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पत्रकारितेच्या शिक्षणाने त्यांना काय दिले असेल, तर कपड्यासारख्या क्षुल्लक मानल्या गेलेल्या गोष्टीत बातमी दिसण्याची नजर.

आता आपल्याविषयी. बातमी वाचणे आणि बातमी मिळवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि प्रॉम्प्टरवरून वाचणारा माणूस कितीही चांगला असला तरी त्याला गावाची ओळख होत नाही. आपल्या लहान वाहिन्यांचा एक फायदा असा की तिथे कुणाला काहीही करावे लागते: तीच मुलगी सकाळी लोकांच्या कॅमेऱ्यावरच्या प्रतिक्रिया, म्हणजे बाइट, आणते, दुपारी संकलन करते आणि संध्याकाळी बातमीपत्र वाचते. मोठ्या वाहिनीत बातमी मिळवणारा इनपुट विभाग आणि ती पडद्यावर आणणारा आउटपुट विभाग यांच्यामधली भिंत ओलांडायला वर्षे जातात. आपण संपादकांकडे वार्तांकनाचे काम मागून घ्या, आणि ते पर्वरीच्या विधानसभेचे नको. मामलेदार कचेरीत नुकसानभरपाईच्या अर्जांचे काय होते, पंचनामा कोण करतो, ज्या घराचे कागद भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, नावावर आहेत त्या घरातल्या माणसाला भरपाई कशी मिळते किंवा मिळत नाही, रविवारच्या ग्रामसभेत नदीतला गाळ काढण्याचा ठराव किती वेळा येतो, हे पाहा. मदतकार्यात उतरायचे असेल तर हे शिक्षण कोणत्याही पदविकेपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

दुसऱ्या प्रश्नावर इतरांचे मत वाचून लिहीन.

उत्तर: म्हापसेकर

वरील उत्तर मला पटले, पण निवेदकाच्या चेहऱ्याला त्यांनी फारच कमी लेखले आहे. २३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीवर मायकेल बर्क यांचा इथिओपियातील कोरेम येथून पाठवलेला वृत्तांत दाखवला गेला. त्याची दृश्ये मोहम्मद अमीन या केनियातील छायाचित्रकाराने टिपली होती. त्या काही मिनिटांनी जगाला जागे केले, आणि पुढच्या वर्षी १३ जुलैला लंडन आणि फिलाडेल्फियात झालेल्या लाइव्ह एड या जलशापर्यंत मदतीचा ओघ चालू राहिला. तिथला दुष्काळ त्याआधीपासून होताच, मदत संस्थाही सांगत होत्या, पण ऐकणारे नव्हते. ज्या आवाजावर लोकांचा रोज संध्याकाळी विश्वास बसतो, त्या आवाजाने सांगितले की लोक खिशात हात घालतात. ताईंनी ती खुर्ची सोडण्याची घाई करू नये. आपल्याकडे तर निवेदिका बाजारात दिसली तरी लोक थांबवून पाण्याची तक्रार सांगतात. हे भांडवल दुकानातून मिळत नाही.

उत्तर: हिशेबनीस, मडगाव

मी लेखापरीक्षणाच्या व्यवसायात आहे आणि काही सेवाभावी संस्थांचे हिशेब पाहतो. या चर्चेत पैशाची बाजू कुणी मांडली नाही, म्हणून लिहितो. उत्तर थोडे रुक्ष होईल, त्याला इलाज नाही.

पहिली गोष्ट विदेशी योगदान नियमन कायदा, २०१० ची. या कायद्याच्या कलम ३ नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचे वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक आणि प्रकाशक यांना विदेशी योगदान घेता येत नाही. दृक्‌श्राव्य बातम्या किंवा चालू घडामोडींचे कार्यक्रम तयार करणाऱ्या वा प्रसारित करणाऱ्या संस्था आणि कंपन्या, तसेच त्यांचे वार्ताहर, स्तंभलेखक, संपादक आणि मालक यांनाही हीच मनाई आहे. पगार किंवा व्यवसायाच्या नेहमीच्या व्यवहारातले पैसे यांना कायद्यात सूट आहे, पण देणगीला नाही. तेव्हा एका हाताने बातम्यांचे काम आणि दुसऱ्या हाताने परदेशी देणगीवर चालणारी संस्था असे आपल्या मनात असेल, तर विश्वस्त म्हणून नाव घालण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

गोव्यात या कायद्याचा एक पेच फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. बाहेर राहणारा गोमंतकीय भारतीय नागरिक असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेच्या रीतसर मार्गाने पैसे पाठवले, तर ते विदेशी योगदान ठरत नाही. पण त्याच वाड्यावरच्या ज्या माणसाने पोर्तुगीज पारपत्र घेतले आहे, तो कायद्याच्या दृष्टीने परदेशी नागरिक आहे. त्याच्याजवळ भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही त्याची देणगी विदेशीच धरली जाते. दोन सख्ख्या भावांनी लंडनहून सारखीच रक्कम पाठवली आणि एकाची घेता आली, दुसऱ्याची नाही, असे होऊ शकते. पुराच्या वेळी व्हॉट्सॲपवर आवाहन करून खात्याचा क्रमांक देणाऱ्यांनी हे आधी वाचावे. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेलाही असे पैसे प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात, ते दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे.

दुसरी गोष्ट दुकानातून दिलेल्या मालाची. प्राप्तिकरात देणगीसाठी मिळणारी सवलत (१९६१ च्या कायद्यातील कलम ८०जी ची) पैशाच्या देणगीला असते, वस्तूंना नसते. रोख देणगीही २००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर ती सवलतीत धरली जात नाही. वस्तू व सेवा करात भेट म्हणून दिलेल्या मालावर आधी घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. म्हणजे वडिलांनी टाक्या दिल्या त्यांची नोंद साठ्याच्या वहीत नीट झाली नसेल, तर चांगल्या कामाचा त्रास पुढच्या तपासणीत होतो. त्याऐवजी दुकानाने नोंदणीकृत संस्थेला धनादेशाने देणगी द्यावी आणि संस्थेने बाजारभावाने कुठूनही माल घ्यावा, हे स्वच्छ. मात्र संस्थेने तो माल पुन्हा त्याच दुकानातून घेतला तर सगळे मुसळ केरात. त्यात ताई त्या संस्थेवर विश्वस्त असतील आणि बातमीही त्याच वाचत असतील, तर मी त्या हिशेबावर सही करणार नाही.

उत्तर: काणकोणकार

मी एका मदत संस्थेत साहित्यपुरवठ्याचे काम करतो आणि वर्षातले बरेच महिने गोव्याबाहेर असतो. म्हापसेकरांच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण कोरेमची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. त्या वृत्तांताने पैसा आला हे खरे. पण पडद्यावर दिसला तो मुख्यतः न पडलेला पाऊस. चालू असलेले यादवी युद्ध आणि तिथल्या लष्करी राजवटीने उत्तरेकडील लोकांचे दक्षिणेत केलेले सक्तीचे स्थलांतर मागे राहिले. मदतीचा वापर त्या स्थलांतरासाठी होत आहे, असे उघडपणे सांगणाऱ्या मेदसँ सां फ्रॉन्तिएर या डॉक्टरांच्या संस्थेच्या फ्रेंच शाखेला १९८५ च्या अखेरीस देश सोडावा लागला. कॅमेऱ्याने हृदय हलवले तरी कारण सांगण्याचे काम उरतेच, आणि ते वार्ताहराचे असते.

आता मूळ प्रश्न. ताई, आमच्या क्षेत्रात येण्यासाठी निवेदिका होण्याची गरज नाही, आणि हे मी आपला हिरमोड करण्यासाठी लिहीत नाही. आपण स्वतःच्या कामाची यादी केलीत: खरेदी, साठा, वसुली. मदत संस्थांच्या जाहिराती रिलीफवेबसारख्या संकेतस्थळावर वाचल्या तर दिसेल की या नावाच्या जागा सतत निघतात: खरेदी अधिकारी, गोदाम व्यवस्थापक, ताफा व्यवस्थापक, लेखा अधिकारी. माहिती आणि संपर्क विभागातल्या जागाही निघतात, पण त्यासाठी पत्रकारितेतले किती उमेदवार रांगेत असतात याची कल्पना असू द्या. पावसाळ्यात चिखलाच्या रस्त्याने ट्रक वेळेवर पोहोचवणारा, ट्रकचा पट्टा तुटला तर सुटा भाग कुठे मिळेल हे सांगणारा, आणि तीन दरपत्रके मागवून त्यातले खोटे कोणते ते ओळखणारा माणूस मिळणे कठीण असते. टिप्पर ट्रकांच्या सुट्या भागांत आयुष्य गेलेल्या घरात हे शहाणपण फुकट मिळते.

थोडे तांत्रिक सांगतो. १९९७ मध्ये स्वयंसेवी संस्था आणि रेड क्रॉस व रेड क्रिसेंट चळवळीने मिळून आखायला घेतलेली ‘स्फिअर’ मानके आमच्याकडे पायाभूत मानली जातात. त्यांनुसार पाणी दर माणशी दिवसाला किमान १५ लिटर, निवाऱ्यात दर माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, आणि २० माणसांमागे एक शौचालय असावे. आपल्या दुकानातली हजार लिटरची टाकी रोज एकदा भरली तर ती सुमारे ६६ माणसांची. आता प्रश्न असा की ती भरणार कोण, टँकर त्या वाटेवर जातो का, नळाची उंची म्हाताऱ्या बाईला आणि मुलाला पोहोचते का, आणि टाकी कोणाच्या दारात ठेवली. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चुकले की गावातले जुने भांडण टाकीभोवती सुरू होते. हे सगळे आधी विचारणारा माणूस आमच्या कामाचा.

२ ऑक्टोबर २००९ ला काणकोणात ढगफुटीसारखा पाऊस होऊन पूर आला, तेव्हा मी अजून या क्षेत्रात नव्हतो. मदत भरपूर आली. त्यात जुने कपडे इतके होते की ते सुकवायला जागा नव्हती. लोकांना हवे होते ते घरातला चिखल काढायला फावडी आणि घमेली, विहिरी उपसायला पंप, भिजलेल्या शिधापत्रिका आणि मुलांचे दाखले पुन्हा मिळवायला कुणीतरी लिहिता-वाचता माणूस, आणि बागायत वाहून गेलेल्यांना पुढल्या हंगामापर्यंतचा आधार. यातले शेवटचे दोन कुठल्याच ट्रकात भरून आले नाहीत.

गोव्यातच राहायचे असेल तर पर्याय नाहीत असे नाही. स्थानिक स्वयंसेवकांना आपत्तीच्या वेळच्या कामाचे प्रशिक्षण देणाऱ्या, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी. शिकायचेच असेल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आणि व्यवसाय व सेवा एकत्र कशी नांदतात हे पाहायचे तर वास्कोला जाऊन ‘अर्ज’ या संस्थेचे काम पाहावे. देहव्यापारात अडकलेल्या स्त्रियांसाठी ही संस्था काम करते. त्यांच्या रोजगारासाठी तिने ‘स्विफ्ट वॉश’ ही यंत्रांवर चालणारी लाँड्री उभी केली. ती ग्राहक शोधते, दर ठरवते, कपडे वेळेवर पोहोचवते, म्हणजे धंद्याचे सगळे नियम पाळते. तिथे जाताना कॅमेरा नेऊ नये, हे वेगळे सांगायला नको. अशा स्त्रियांचा आणि मुलांचा चेहरा किंवा ओळख दाखवणे हा संकोचाचा प्रश्न तर आहेच, शिवाय मुलांच्या बाबतीत बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मध्ये आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ मध्ये त्याला स्पष्ट मनाई आहे. अनाथाश्रमात वाढदिवस साजरा करून चित्रफीत टाकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

प्रतिसाद: उसगावची वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हिशेबनीस यांचे उत्तर वडिलांना वाचून दाखवले. साठ्याच्या वहीबद्दल ते बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी ती काढून आणली.

काणकोणकार बाब, आपण म्हणता ते मला पटते आणि थोडे टोचतेही, कारण ज्या कामापासून दूर जाण्याचा मी विचार करत होते तेच उपयोगाचे निघाले. तरीही बातमीचे काम सोडावेसे वाटत नाही. वार्तांकनाची मागणी मी संपादकांकडे ठेवली आहे, आणि या पावसाळ्यात फोंडा व धारबांदोडा तालुक्यांतले पंचनामे पाहण्याचे काम मिळण्याची शक्यता आहे.

म्हणून आता एकच नेमका प्रश्न उरतो. पूर पुन्हा आला, वडिलांनी रीतसर देणगी दिली, आणि त्या वाड्याची बातमी माझ्याकडे आली, तर मी काय करावे? ‘बाजूला व्हावे’ हे उत्तर सोपे आहे. पण आमच्या वाहिनीवर त्या वेळेला मराठी बातमीपत्र वाचणारे दुसरे कुणी नसते.

उत्तर: निवृत्त वार्ताहर, पणजी

हा प्रश्न शहरातल्या मोठ्या वृत्तकक्षासाठी लिहिलेल्या नियमांनी सुटत नाही, हे मान्य. आपल्याकडे दुकानदार, पंचायत सदस्य, देवस्थान समितीचा पदाधिकारी आणि वार्ताहर ही एकाच माणसाची चार रूपे असू शकतात, आणि ज्याचा कुणाशीच संबंध नाही असा वार्ताहर शोधायला निघालो तर तो गोव्याबाहेरून आणावा लागेल. त्यामुळे संबंध नसावा असा आग्रह मी धरत नाही. तो लपू नये, आणि ज्या निर्णयावर त्याचा परिणाम होतो तो निर्णय आपल्या हाती नसावा, एवढे पाहावे.

ते व्यवहारात असे बसते. बातमी लिहिणे, कोणत्या वाड्याला आधी घ्यायचे ते ठरवणे आणि मदत अपुरी पडली की पुरेशी होती याची पडताळणी करणे ही तीन कामे दुसऱ्या सहकाऱ्याने करावीत, भले तो कोंकणी बातमीपत्राचा असेल. आपण फक्त वाचावे. आपण स्वतः वार्ताहर म्हणून त्या तालुक्यात फिरत असाल, तर ज्या वाड्यांना दुकानाची मदत पोहोचली ते सोडून बाकीचे आपल्याकडे घ्यावेत, आणि ही यादी संपादकांना पावसाळ्याआधी लेखी द्यावी, पूर आल्यावर नव्हे. वाटपाचे चित्रण आपल्या वाहिनीने करू नये. दुसऱ्या वाहिनीने केले तर करू द्यावे. शासनाने पूरग्रस्तांसाठी टाक्यांची खरेदी काढली आणि दुकानाने त्यात दरपत्रक भरले, तर मात्र त्या खरेदीची कोणतीही बातमी आपण वाचायचीसुद्धा नाही. त्या दिवशी वेळापत्रक कोलमडले तरी चालेल, संपादकांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसावे.

म्हापसेकरांनी म्हटलेले भांडवल खरे आहे, म्हणूनच ते आपल्या घरच्या दुकानाच्या कामी येता कामा नये. मदतीचे आवाहन करायचे असेल तर ते वाहिनीच्या नावाने, आणि जिच्याशी आपला संबंध नाही अशा संस्थेसाठी करावे.

राहिले प्रेक्षकांना सांगण्याचे. त्यासाठी एक वाक्य पुरते: ‘या भागात मदतीसाठी देणगी देणाऱ्यांमध्ये या बातमीपत्राच्या निवेदिकेच्या कुटुंबाचाही समावेश आहे.’ ‘मी’ नको, दुकानाचे नाव नको, रक्कम नको. पडद्याखालच्या पट्टीवर सरकवू नये, कारण पुरात वीज गेलेली माणसे बातम्या कुणाच्या तरी फोनवर ऐकत असतात. ते वाक्य आपल्याच आवाजात, बातमीच्या आधी वाचावे. शेवटी ठेवले की तोवर पुढची बातमी सुरू झालेली असते.